भाराची शर्यत आणि तिचीं पत्रकें

विष्णुपुरीच्या परिसरांतील संग्राहकांस लोहा तालुक्यांतील माळेगांवची खंडोबाची यात्रा व तेथील घोड्यांचा बाजार परिचितच आहे. पंचकल्याणी, देवमणी हीं अश्वलक्षणेंही त्यांस ठाऊक असतील. 'हँडिकॅप' शर्यतींत मात्र घोड्याची पारख लक्षणांवरून न होतां मागील धांवेवरून होते, आणि ती वजनांत मांडितात: सरस घोड्यावर अधिक भार, उण्यावर कमी; हेतु हा कीं, जिंकण्याची संधि सर्वांस सारखी असावी.

या प्रकारांत 'मेलबर्न कप' विशेष प्रसिद्ध होय. ज्या ऑस्ट्रेलियांतून 'वेलर' घोडे हिंदुस्थानांत येत, तेथेंच ती १८६१ पासून चालू आहे. १८९० सालीं कार्बाइन १४५ रत्तल (पौंड) भार वाहून ३८ प्रतिस्पर्ध्यांपुढें आला. १९३० सालीं फार लॅप १३८ रत्तलांनिशीं जिंकला. पुढील वर्षीं त्याजवर १५० रत्तल चढविले, तेव्हां तो आठवा आला. केवळ विजेत्यांची यादी पाहणारा, घोडा खालावला, असें म्हणून मोकळा होईल. भार पाहिल्यावर आम्हांस तसें म्हणवत नाहीं.

ज्यांच्या दप्तरांत मुंबई-पुण्याच्या जुन्या शर्यतींचीं छापील पत्रकें असतील, त्यांनीं तीं रद्दींत घालूं नयेत. घोड्याच्या नांवापुढील भाराचा आंकडा बहुधा तेथेंच सांपडतो.