माकंदीपुत्रांची जादूनगरी

मे महिन्याची सुट्टी लागली की सांगलीच्या गणपती पेठेतील आणि साताऱ्याच्या मोती चौकातील व्यापारी घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते. नातू पुस्तकातून डोके वर काढत नाही. पुस्तक वाचतो ही खरे तर आनंदाची गोष्ट. परंतु ते असते जादूगारांचे, उडत्या झाडूंचे आणि बोलणाऱ्या पशूंचे. आजोबांच्या दृष्टीने हा वेळेचा अपव्यय आहे. तेवढ्या वेळात मुलगा पेढीवर येऊन बसला असता, तर हळदीच्या चार जाती तरी त्याला ओळखता आल्या असत्या. आजींची शंका याहून खोल असते. मंत्र, चेटूक, प्राण्यांच्या अवयवांचे काढे आणि सामिष मेजवान्या यांनी भरलेले पुस्तक जैन घरात मुलाच्या उशाशी असावे काय? हे मिथ्यात्वाला खतपाणी नव्हे काय?

आजोबांच्या आक्षेपाला उत्तर देणे सोपे आहे; वाचनाची गोडी लागलेला मुलगा पुढे खतावणीही वाचतो. आजींच्या शंकेचा मात्र गांभीर्याने विचार करावयास हवा.

या पुस्तकांचा वंश फार जुना नाही. लुईस कॅरोलची अ‍ॅलिस १८६५ मध्ये सशाच्या बिळातून खाली घसरली. फ्रँक बॉमचे ओझ १९०० मध्ये, तर टोल्किनचा 'हॉबिट' १९३७ मध्ये वाचकांसमोर आला. सी. एस. लुईस यांच्या नार्नियाची सात पुस्तके १९५० ते १९५६ या काळात निघाली आणि हॅरी पॉटरचे पहिले पुस्तक १९९७ मध्ये. त्याच हॅरी पॉटरचा आता मराठीतही अनुवाद झालेला आहे. या सर्वांचा साचा थोड्याफार फरकाने एकच दिसतो. नेहमीच्या जगातून एक दार उघडते. पलीकडे विलक्षण देश असतो. त्या देशाचे काही नियम असतात. एक गोष्ट निषिद्ध असते आणि मुले नेमकी तीच करतात. शेवटी प्रश्न उरतो तो घरी परतण्याचा.

मराठी वाचकाला हे जग अपरिचित नव्हते. सांगलीत १८४३ मध्ये चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हापासून आरडाओरडा करीत येणारे नाटकातील राक्षस येथील मुलांच्या ओळखीचे झाले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी कथा मराठीत आणण्यास आरंभ केला. नाथमाधवांच्या 'वीरधवल'ची पारायणे झाली. १९५२ पासून 'चांदोबा' मराठीत येऊ लागला आणि विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ घरोघर पोहोचला. सातारा जिल्ह्याचा अभिमान वाटावा अशी एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. 'अरेबियन नाइट्स'चा सोळा खंडांतील मराठी अनुवाद करणाऱ्या गौरी देशपांडे यांचे वास्तव्य फलटणजवळच्या विंचुर्णी गावी होते. तो अनुवाद अर्थातच मुलांसाठी नाही. पण सिंदबादला मराठी बोलते करणाऱ्या लेखिकेचे घर आपल्या परिसरात होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

आता आजींच्या शंकेकडे वळू. जैन परंपरेला अद्भुत कथेचे वावडे आहे काय? ज्यांनी ही परंपरा जवळून पाहिली आहे, त्यांना हा प्रश्नच नवलाचा वाटेल. पाठशाळेतील लहान मूल जंबूद्वीपाचे वर्णन पाठ करते: व्यास एक लाख योजने, मध्ये मेरू, भोवती दोन लाख योजने रुंदीचा लवणसमुद्र, त्यापुढे त्याच्या दुप्पट धातकीखंड, त्याच्याही दुप्पट कालोदधी. विजयार्ध पर्वताच्या दक्षिण श्रेणीवर विद्याधरांची पन्नास नगरे आहेत आणि उत्तर श्रेणीवर साठ. हे विद्याधर आकाशमार्गे संचार करतात आणि विद्या सिद्ध करून रूपे पालटतात. नकाशासह रचलेली इतकी तपशीलवार जादूनगरी टोल्किनलाही हेवा वाटावा अशी आहे. श्रद्धाळू मनाला ती जादूनगरी नव्हे, लोकरचना आहे, हे खरेच. परंतु आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांत उमटणारे आश्चर्य दोन्हीकडे सारखेच असते.

शास्त्राने निषिद्ध ठरवलेल्या विकथांतही अद्भुत कथेचा समावेश नाही. ज्या गप्पांनी चित्त विषयांकडे ओढले जाते, त्या विकथा. आचार्य हरिभद्रांनी 'समराइच्चकहा'मध्ये अर्थकथा, कामकथा, धर्मकथा आणि संकीर्णकथा असे कथेचे प्रकार सांगितले. उद्योतनसूरींची 'कुवलयमाला' इ. स. ७७९ मधील, तिच्यात समुद्रप्रवास आहेत, वेषांतरे आहेत आणि जन्मोजन्मीच्या ओळखी आहेत. साधूंनी हे सर्व लिहिले आणि जपले, ते श्रोता जागा राहावा म्हणून.

मुलांसाठी या भांडारातील सर्वांत मोलाची कथा कोणती, असे विचारले तर उत्तर 'ज्ञाताधर्मकथा' या अंगसूत्राच्या नवव्या अध्ययनात मिळते. चंपानगरीतील माकंदी सार्थवाहाचे दोन पुत्र, जिनपालित आणि जिनरक्षित. त्यांनी अकरा वेळा लवणसमुद्राची सफर केली आणि अकराही वेळा धन मिळवून सुखरूप परतले. बाराव्या सफरीची त्यांनी परवानगी मागितली, तेव्हा आई-वडिलांनी विरोध केला. सात पिढ्यांना पुरेल एवढे धन घरात आहे आणि बारावी सफर संकटाची असते, असे त्यांचे म्हणणे. मुलांनी हट्ट सोडला नाही. अकरा वेळा जमले म्हणून बाराव्यांदाही जमेल, हा हिशेब कोणत्याही पेढीवरच्या मुरब्बी माणसाला ओळखीचा वाटेल. कितीतरी कर्जखाती याच हिशेबाने बुडीत निघाली आहेत.

वादळात जहाज फुटले. एका फळीच्या आधाराने दोघे भाऊ रत्नद्वीपाला लागले. तेथील देवीने तलवार उगारून त्यांच्यासमोर अट ठेवली: माझ्यासह राहा, नाहीतर शिरच्छेद. भाऊ राहिले. पुढे एकदा देवीला लवणसमुद्राभोवती एकवीस फेऱ्या घालून त्यातील काडीकचरा दूर करण्याची आज्ञा झाली. निघताना तिने सांगितले की करमले नाही तर पूर्वेच्या, उत्तरेच्या किंवा पश्चिमेच्या वनात जावे. प्रत्येक वनात दोन-दोन ऋतू कायमचे नांदतात. दक्षिणेच्या वनात मात्र जाऊ नये, तेथे महाभयंकर सर्प आहे.

दोघे आधी तिन्ही वनांत हिंडून आले. पण मन रमले नाही. मग ते दक्षिणेला गेले. तेथे सर्प नव्हता. हाडांचे ढीग होते आणि सुळावर चढवलेला एक माणूस शेवटच्या घटका मोजत होता. तो काकंदीचा घोड्यांचा व्यापारी. त्याचेही जहाज असेच फुटले होते, त्यालाही देवीने असेच ठेवून घेतले होते आणि एका क्षुल्लक अपराधावरून ही दशा केली होती. त्यानेच सुटकेचा मार्ग सांगितला. पूर्वेच्या वनात शैलक नावाचा अश्वरूपधारी यक्ष आहे. ठरावीक तिथींना तो मोठ्याने विचारतो की कोणाला तारू, कोणाचे रक्षण करू.

शैलकाने दोघांना पाठीवर घेतले आणि एकच अट सांगितली. देवी पाठलाग करील, धमकावील, गोड बोलेल; तिच्याकडे लक्ष देऊ नये. लक्ष दिले, तर मी पाठीवरून खाली टाकीन. देवी आलीच. धमक्या वाया गेल्या, तेव्हा तिने आर्जव सुरू केले आणि दोघांपैकी मऊ मनाचा कोण हे ओळखून फक्त जिनरक्षिताशी बोलू लागली. जिनरक्षिताने मागे वळून पाहिले. त्याचे पुढे काय झाले ते आगमात स्पष्ट लिहिले आहे आणि ते कोवळ्या मनाला हादरवणारे आहे. जिनपालित एकटा चंपेला पोहोचला आणि त्याला आई-वडिलांना सर्व हकीकत सांगावी लागली.

नार्नियाच्या पहिल्या पुस्तकात एडमंड नावाचा मुलगा गोड बोलणाऱ्या चेटकिणीच्या मिठाईला भुलतो. माकंदीपुत्रांची कथा त्याहून कितीतरी शतके जुनी आहे आणि अधिक धारदारही. येथे मोह मिठाईचा नाही, दयेसारख्या दिसणाऱ्या दुबळेपणाचा आहे. अशाच धर्तीची, जहाज फुटलेल्या व्यापाऱ्यांची आणि आकाशातून उडणाऱ्या घोड्याची बौद्ध कथा अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात रंगवलेली आहे. सहलीला गेलेली मुले ती पाहतात आणि पुढे सरकतात, कारण ती कथा त्यांना कोणी सांगितलेली नसते.

दिगंबर घरांत जिनसेनांच्या 'हरिवंशपुराणा'तून चारुदत्ताची कथा परिचित आहे. श्वेतांबर परंपरेत ती 'वसुदेवहिंडी'त येते. श्रेष्ठिपुत्र चारुदत्त धन गमावून देशांतराला निघतो. बोकडांवर बसून अरुंद डोंगरवाट पार केल्यावर सोबतीचा रुद्रदत्त सुचवतो, की बोकड मारून त्यांच्या कातड्यांत शिरावे; भारुंड पक्षी मांस समजून उचलतील आणि रत्नद्वीपावर नेतील. सिंदबादच्या सफरींत हिऱ्यांच्या दरीचा असाच प्रसंग आहे, परंतु तेथे मारल्या गेलेल्या जनावराचा विचार कोणी करीत नाही. चारुदत्त विरोध करतो. विरोध निष्फळ ठरतो, तेव्हा तो मरणाऱ्या बोकडाला धर्म ऐकवतो. त्या बोकडाचा जीव पुढे देवगतीला जातो. चारुदत्त मात्र त्याच कातड्यात शिरून उडतो, ही टोचणी कथाकारांनी लपवलेली नाही. एखाद्या चुणचुणीत नातीने 'मग तो कातड्यात शिरलाच कशाला?' असे विचारले, तर तिला गप्प करू नये. अद्भुत कथेची खरी मिळकत तोच प्रश्न आहे.

आपल्या पूर्वसूरींनी अद्भुताकडे भाबडेपणानेही पाहिले नाही. विमलसूरींच्या 'पउमचरिया'त वानर हे माकड नसून ध्वजावर वानरचिन्ह मिरवणारे विद्याधर आहेत, आणि रावणाची दहा मुखे म्हणजे गळ्यातील हारात पडलेली त्याच्या मुखाची प्रतिबिंबे. हरिभद्रांच्या 'धूर्ताख्याना'त पाच धूर्त उज्जयिनीच्या उद्यानात अशक्य थापांची शर्यत लावतात, आणि शेवटी खंडपाणा नावाची स्त्री चारही पुरुषांवर मात करते. ज्या समाजाने बाराशे वर्षांपूर्वी थापेची अशी परीक्षा घेतली, त्याच्या मुलांना झाडूवर उडणारा मुलगा आणि वास्तव यांतील भेद कळणार नाही, ही भीती अनाठायी आहे.

एका गोष्टीत मात्र जैन दृष्टी इतर सर्व परीकथांहून निराळी आहे आणि व्यापारी घरांनी ती मुलांना आवर्जून सांगावी. भोगभूमीत दहा प्रकारचे कल्पवृक्ष असतात. भोजनांग अन्न देतो, वस्त्रांग वस्त्रे, भाजनांग भांडी, दीपांग प्रकाश. कष्ट नाहीत, भांडण नाही. तरीही त्या भूमीत व्रत घेता येत नाही आणि मोक्षही नाही. काळ पालटला, कल्पवृक्ष क्षीण झाले आणि प्रजा घाबरून नाभिराजांकडे व ऋषभदेवांकडे आली. तेव्हा भगवंतांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकवली. म्हणजे जादूनगरी संपली तेथून दुकान सुरू झाले! वहीपूजनाच्या दिवशी चोपडीवर स्वस्तिक काढताना ही कथा मुलाला सांगितली, तर पेढीवर बसणे त्याला शिक्षा वाटणार नाही.

मग अडते कोठे? पाठशाळेच्या पुस्तकांत या कथा दहा-बारा ओळींत उरकलेल्या असतात. वादळ एका वाक्यात, रत्नद्वीप दुसऱ्या वाक्यात, तिसऱ्यात बोध. तीनशे पानांची कादंबरी एका बैठकीत संपवणाऱ्या मुलाला अशी गोष्ट औषधाच्या पुडीसारखी लागते. प्राकृत आणि संस्कृत मूळ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, जुनी पुराणभाषांतरे त्याला जड जातात. लुईस यांनी आपल्या ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा नार्नियाच्या सिंहात ओतला, तरी त्यांनी कथेत प्रवचन दिले नाही. आपल्याकडे गोष्टीत प्रवचन घालण्याची घाई फार.

सातारा जिल्ह्यातील भिलार हे पाचगणी-महाबळेश्वर परिसरातील स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' झाले आहे. तेथील घरांत विषयवार पुस्तके मांडलेली आहेत, बालसाहित्यही आहे, आणि कोणीही बसून विनामूल्य वाचू शकतो. सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तके ऑगस्ट २०१९ च्या महापुरात भिजली, तेव्हा ती वाचवण्यासाठी माणसे धावली. म्हणजे वाचक आहेत आणि पुस्तकांविषयी ममत्वही आहे. समाजात चार दानांपैकी शास्त्रदानाला मान आहे; पूजेच्या पुस्तिका आणि स्तोत्रसंग्रह उदारपणे छापून वाटले जातात. त्यातील एका वर्षाची रक्कम एखाद्या चांगल्या लेखकाला आणि चित्रकाराला मुलांसाठी सचित्र, भरघोस कादंबरी सिद्ध करण्यासाठी दिली, तर ते शास्त्रदानच ठरेल.

सुरुवात कोठून करावी, ही लेखकाला अडचण पडू नये. आगमात ती तयारच आहे: चंपानगरीतील एक संपन्न घर, अकरा सफरींचा नफा घरात आलेला, दोन मुलगे बाराव्या सफरीची परवानगी मागत आहेत, आणि आई-वडील नको म्हणत आहेत.