विमानांतील आग आणि आजार

विमानांत आपल्या हातीं चहाचा पेला देणाऱ्या मुलीला 'हवाई सुंदरी' म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात पडला आहे. ज्यानें हें नांव योजिलें त्यानें तिच्या चेहऱ्याकडे पाहिलें, कामाकडे पाहिलें नाहीं. १९३० सालच्या मे महिन्यांत अमेरिकेंत एलेन चर्च ही पहिली विमानसेविका कामावर रुजू झाली. ती शिकलेली परिचारिका होती, आणि तिच्याबरोबर नेमलेल्या सात जणीही परिचारिकाच होत्या. आज या पेशांत पुरुषही पुष्कळ आहेत, म्हणून मी सरसकट 'विमानसेवक' म्हणेन. दर ५० आसनांमागें निदान एक विमानसेवक असलाच पाहिजे असा नियम आहे. तो चहा वेळेवर मिळावा म्हणून केलेला नाहीं.

घराला आग लागली तर आपण बाहेर धांवतों. घरांत कोणाला घेरी आली तर डॉक्टरांना बोलावणें धाडतों. ३५,००० फूट उंचीवर या दोन्ही वाटा बंद असतात. वैमानिकानें तत्काळ उतरावयाचें ठरविलें तरी कांहीं मिनिटें जाणारच, आणि खालीं महासागर असला तर तास-दोन तासही जातील. या मधल्या वेळांत जें करावयाचें तें विमानसेवकांनाच करावें लागतें. आणि प्रवाशानें त्यांना किती लौकर सांगितलें, यावर त्यांचें यश पुष्कळसें अवलंबून असतें.

धोक्याच्या वस्तु म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें बंदुकीची दारू येते. परंतु त्या यादींत आपल्या घरांतल्याही वस्तु आहेत. परदेशीं मुलाकडे निघालेल्या आईच्या पेटींतून सुक्या खोबऱ्याच्या वाट्या काढून घेतल्या म्हणजे तिला राग येतो, आणि तो स्वाभाविक आहे. पण खोबऱ्यांत तेल फार. ढीग करून कोंडून ठेवलें असतां तें आंतल्या आंत तापतें व आपोआप पेट घेऊं शकतें. संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादींत त्याला १३६३ हा क्रमांकच दिलेला आहे. ताप पाहण्याच्या नळींतला पाराही असाच. तो सांडून ॲल्युमिनियमला भिडला तर धातु पोखरत जातो, आणि पुष्कळ विमानांचा सांगाडा ॲल्युमिनियमच्याच मिश्रधातूचा असतो.

तथापि आज विमानसेवकांना खरी धास्ती आहे ती लिथियमच्या बॅटरीची. म्हणजे आपल्या खिशांतल्या मोबाइलची आणि पॉवर बँकेची. ही बॅटरी चेपली गेली किंवा तिच्यांत मूळचाच दोष असला, तर तिच्या एका कोशांत उष्णता वाढूं लागते. ती शेजारच्या कोशाला तापविते, तो पुढच्याला, आणि ही सांखळी बाहेरून हवा तोडली तरी थांबत नाहीं. म्हणूनच पॉवर बँक पोटांतल्या सामानांत ठेवूं देत नाहींत, हातांतल्या पिशवींत ठेवावयास सांगतात. लोकांना हें उलटें वाटतें. परंतु पोटांत ती पेटली तर तिच्यापर्यंत कोणाचा हात पोंचत नाहीं; वर पेटली तर निदान दिसते तरी. १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी चालते. १६० पर्यंतच्या बॅटरीला कंपनीची परवानगी लागते. त्याहून मोठी नेतांच येत नाहीं.

ती पेटलीच तर? एक सेवक हॅलॉन वायूच्या नळकांड्यानें ज्वाला विझवितो, दुसरा वैमानिकाला वर्दी देतो, तिसरा प्रवाशांना दूर हलवून पाणी आणतो. हॅलॉननें ज्वाला जाते, उष्णता जात नाहीं. ती पाण्यानेंच उतरवावी लागते. लिथियमवर पाणी घालूं नये असें शाळेंत शिकलेल्यांनीं येथें बिचकूं नये. या बॅटऱ्यांत धातुरूप लिथियम जवळजवळ नसतेंच. बर्फ मात्र ठेवीत नाहींत, कीं घोंगडेंही टाकीत नाहींत, कारण त्यांच्याखालीं उष्णता कोंडते. २०१६ च्या सप्टेंबरांत सिंगापूरहून चेन्नईस येणाऱ्या एका विमानांत डोक्यावरच्या कप्प्यांतील मोबाइल धुमसूं लागला, तेव्हां सेवकांनीं नळकांडें वापरून तो पाण्याच्या भांड्यांत बुडविला, आणि विमान सुखरूप उतरलें. मोबाइल आसनाच्या फटींत पडला तर आसन मागें-पुढें करूं नका. चेपला कीं पेटतो. सेवकाला हांक मारा.

आतां आजाराकडे वळूं. विमानाच्या आंत हवेचा दाब जमिनीवरच्याइतका नसतो. तो ८,००० फुटांपर्यंतच्या उंचीवरच्याइतका विरळ असूं शकतो, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही उंच. धडधाकट माणसाला तें कळतही नाहीं. ज्याचें हृदय किंवा फुप्फुस अधू आहे त्याला कळतें. २०१३ सालीं 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय साप्ताहिकांत पांच विमानकंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत सरासरी ६०४ उड्डाणांमागें एक आजाराचा प्रसंग आढळला, आणि त्यांतले शंभरांपैकीं सदतीस निव्वळ घेरी येण्याचे होते. अशा माणसाला आडवें निजवून पाय उंच करतात, जरूर तर प्राणवायु देतात. हृदय थांबलें तर छाती दाबणें व विजेचा धक्का देणारें यंत्र लावणें हेंही सेवकांना शिकविलेलें असतें. जमिनीवरच्या डॉक्टरांचा सल्ला संदेशयंत्रानें घेतात. मात्र विमान वळवावें कीं नाहीं हें शेवटीं वैमानिकच ठरवितो.

१९९५ सालीं हाँगकाँगहून लंडनला जाणाऱ्या विमानांत एका प्रवासी स्त्रीच्या छातींत कोंडलेल्या हवेमुळें श्वास अडला. विमानतळावर येतांना ती मोटारसायकलवरून पडली होती. प्रवाशांतील अँगस वॉलेस या शल्यविशारदांनीं विमानांतल्याच साहित्यावर काम भागविलें: कपडे टांगण्याची तार, रबरी नळी, पाण्याची बाटली, आणि निर्जंतुक करावयास ब्रँडी. ती वांचली.

पण मळमळूं लागलें, छातींत कळ आली, कीं पुष्कळ माणसें संकोचानें शौचकूपांत जाऊन कडी लावतात. ती कडी सेवकांना बाहेरून काढतां येते. परंतु माणूस आंत कोसळला आहे हें कळेपर्यंत हातचीं मिनिटें निघून जातात. जागेवरच बसावें. सेवकाला बोलावण्याचें बटण तेथेंच हाताशीं असतें.