शेवटचे दहा किलोमीटर

गुप्त संदेशवहनासाठी उपग्रहावरून निघालेला फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, पाचशे किलोमीटर खाली येतो, त्यातली बहुतेक वाट मोकळी असते. त्याची परीक्षा पाहते ती शेवटच्या दहा-बारा किलोमीटरमधली दाट हवा.

मग जमिनीवरून फायबर का नको? हजार किलोमीटरच्या फायबरमध्ये सेकंदाला हजार कोटी फोटॉन सोडले, तरी पलीकडे एक पोचायला सुमारे तीनशे वर्षं लागतील. वाटेत फोटॉन वाढवून पुढे धाडायची सोयही नाही. एकट्या फोटॉनची हुबेहूब नक्कल होत नाही, आणि गुप्ततेची हमी तीच.

चीनचा ‘मिशियस’ हा क्वांटम उपग्रह १६ ऑगस्ट २०१६ रोजी अवकाशात गेला. पुढच्याच वर्षी त्याने एकमेकांत गुंतलेले फोटॉन १,२०३ किलोमीटर अंतरावरच्या देलिंगहा आणि लीजियांग इथे पोचवले. उपग्रहावर सेकंदाला ५९ लाख जोड्या तयार होत. खाली हाती लागे जेमतेम एक! हा सगळा दोष हवेचा नाही. मोठा वाटा झोत पसरण्याचा.

हवेचा खोडसाळपणा दिसतो तो दिशा बदलल्यावर. गरम-थंड हवेचे भोवरे झोताला किंचित ढकलतात. वरून येणाऱ्या झोताला हा धक्का शेवटी बसतो, फार सरकायला अंतरच उरत नाही. खालून वर जाणारा मात्र सुरुवातीलाच ढळतो. अंशाचा दहाहजारावा भाग चुकला, तरी पाचशे किलोमीटरवर तो जवळजवळ मीटरभर बाजूला जातो, आणि ‘मिशियस’ची दुर्बीण होती ३० सेंटिमीटरची. म्हणून खालून वर फोटॉन पाठवायच्या प्रयोगासाठी ‘मिशियस’मागचे शास्त्रज्ञ पान जियानवेई यांच्या चमूने तिबेटमधलं न्गारी गाठलं, समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटरवर. निम्मी हवा तिथे पायाखालीच राहते.

नशीब एवढंच, की हे भोवरे फोटॉनचं ध्रुवीकरण, म्हणजे त्याच्या लहरीची कंपनदिशा, सहसा बिघडवत नाहीत, आणि माहिती असते त्यातच. दिवसा आकाशाचा उजेड अडचणीचा, म्हणून ‘मिशियस’चं काम रात्री चाले. ढगांपुढे मात्र कुणाचंच चालत नाही.

आपल्याकडे २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये देशांतर्गत दोन हजार किलोमीटरपर्यंत उपग्रहाद्वारे सुरक्षित संदेशवहनाचं उद्दिष्ट आहे. पुण्या-मुंबईत केंद्र उभारलं, तर जून ते सप्टेंबर ते बहुतेक बंदच. लडाखमधलं हानले उंच आणि कोरडं, पण सुरक्षित संदेशवहन लागतं ते शहरांत. तरी एक सोय आहे: फोटॉनमधून मिळते ती संदेश कुलूपबंद करायची, निव्वळ आकड्यांची गुप्त किल्ली, खुद्द संदेश नव्हे. ती साठवता येते. उन्हाळ्यात पापड-कुरडयांची करतो तशी निरभ्र रात्री किल्ल्यांची बेगमी करून ठेवायची. फक्त वापरलेली किल्ली पुन्हा चालत नाही आणि उपग्रह डोक्यावर असतो काही मिनिटंच. तेव्हा मे संपेपर्यंत साठा किती झाला, यावर पावसाळ्यातली गुप्तता ठरेल.