साइनच्या आलेखाची भीती वाटते? सूर्याकडे बघा!

अकरावीतल्या मुलाच्या वहीत साइन, कोसाइनचे वळणदार आलेख दिसले की तुम्हीही वही हळूच मिटता का? मी इंग्रजीत बी.ए. केलंय, त्यामुळे तुमची धास्ती मला ठाऊक आहे. पण मुलाने हा धडा नुसता पाठ केला, तर एक चिन्ह बदलताच सगळं चुकतं आणि हळूहळू गणितच नकोसं होतं. म्हणून तो घरीच समजून घ्या.

आमच्या भिलाई-३ चंच उदाहरण बघा. २१ जूनला इथला दिवस सुमारे १३ तास २५ मिनिटांचा असतो, तर २२ डिसेंबरच्या सुमारास जेमतेम १० तास ५० मिनिटांचा. वर्षभराच्या दिवसांची लांबी कागदावर मांडा, साइनची लाट तयार!

मधली रेषा : दोन्ही टोकांची सरासरी, सुमारे १२.१ तास. लाट तेवढी वर उचलायची.

आयाम : मधल्या रेषेपासून लाट १.३ तास वर जाते आणि तितकीच खाली येते.

आवर्तन : मूळ लाट ३६० अंशांत पूर्ण होते, ही ३६५ दिवसांत. म्हणून दिवसांना ३६०/३६५ ने गुणायचं.

सरकणं : लाट मधल्या रेषेवरून चढू लागते २१ मार्चला, म्हणजे वर्षाच्या ८० व्या दिवशी. म्हणून कंसात (दिवस − ८०).

दिवसाची लांबी = १२.१ + १.३ × साइन [३६०/३६५ × (दिवस − ८०)]

मुलं इथेच फसतात. वजा चिन्ह दिसलं की आलेख डावीकडे नेतात. त्यांना विचारा, ‘कंस शून्य कधी होतो?’ ८० व्या दिवशी. म्हणजे लाट उजवीकडेच सरकली!

दिवस २१ जूनपासून मोजले तर? लाट शिखरावरूनच निघते. हीच कोसाइन, तिला सरकवावंच लागत नाही.

नागपूरच्या मावशीकडे जवळजवळ हाच आलेख निघेल, कारण दोन्ही गावं साधारण एकाच अक्षांशावर आहेत. दिल्लीत आयाम वाढेल. सिडनीत लाट उलटी होईल, म्हणजे आयामापुढे वजा चिन्ह!

येत्या रविवारपासून मुलासोबत सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा टिपायला लागा. दर आठवड्याला एक ठिपका. वर्षभराने भिंतीवरची लाट त्याने स्वतः काढलेली असेल, मग ती पाठ कशाला करावी लागेल?