सिकलसेल आणि खुब्याचे दुखणे

सिकलसेल म्हटले की रक्त कमी होणे आणि अंगाचा ठणका एवढेच आठवते. विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी वस्त्यांत या आजाराचे नाव आता घरोघरी माहीत आहे. तरीही विशीतला सिकलसेलचा रुग्ण लंगडू लागला, तर त्याचे मूळ रक्तात आहे हे पटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि त्यावर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बारीक आणि मोजक्याच. सिकलसेलमध्ये विळ्यासारख्या वाकड्या झालेल्या तांबड्या पेशी त्यांत अडकतात आणि कूर्चेखालचे हाड रक्ताविना मरते. कूर्चेला पोषण सांध्यातील द्रवातून मिळते, त्यामुळे ती सुरुवातीला शाबूत राहते. खालचा मुरूम वाहून गेलेला डांबरी रस्ता वरून काही दिवस नीटच दिसतो, तसे हे. पुढे हाड खचते, कूर्चा चिरते आणि सांधा कायमचा झिजू लागतो. डॉक्टर याला एव्हीएन म्हणतात. स्टेरॉइड आणि दारूमुळेही तो होतो.

दुखणे जांघेत सुरू होते, पण कित्येकदा गुडघ्यात जाणवते. मग महिनोन्महिने गुडघ्यालाच मलम चोळले जाते. सिकलसेलचा नेहमीचा ठणका काही दिवसांत ओसरतो. हे दुखणे मात्र चालताना वाढते आणि आठवडेच्या आठवडे राहते. मांडी घालून बसणे अवघड होते. विहारात पाय पसरून बसणाऱ्या पोराला शिस्त शिकवण्याआधी त्याला कुठे दुखते ते विचारावे.

सुरुवातीला एक्स-रे अगदी नॉर्मल येऊ शकतो. बिघाड एमआरआयमध्ये दिसतो. ‘फोटोत काही नाही’ ऐकून घरी परतणे इथे फार महागात पडते. हाड खचण्याआधी निदान झाले तर कुबडीने भार कमी करणे, व्यायाम, काहींना हाडाला छिद्र पाडून आतला दाब उतरवण्याची शस्त्रक्रिया, असे मार्ग असतात. खचल्यावर बहुधा सांधाच बदलावा लागतो आणि तरुणपणी बसवलेला कृत्रिम सांधा जन्मभर पुरेलच असे नाही. शिवाय सिकलसेलच्या रुग्णाला भूल आणि ऑपरेशन अधिक जोखमीचे असते. म्हणून असे रुग्ण नेहमी हाताळणारे रुग्णालय निवडावे.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलचा समावेश आहे. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करताना रक्ताच्या अहवालासोबत खुब्याचा एमआरआयही जोडावा.