लसीचा प्रवास : पेण ते रोहा

बाजारात मासळीचा खोका उघडताना तुम्ही पाहिलाच असेल. खाली बर्फाचा चुरा, त्यावर मासळी, वर पुन्हा बर्फ. बर्फ जितका अधिक तितकी मासळी ताजी, हा रोकडा व्यवहार आहे. आता एक प्रश्न. पाळीव कुत्र्या-मांजरांना टोचायची रेबीजची लस पेणहून रोह्याला न्यायची आहे. अंतर सुमारे ४० किलोमीटर, महिना मे, हवेचे तापमान ३५ अंश सेल्सिअस. लसीच्या बाटल्याही अशाच बर्फात पुरून नेल्या तर चालेल काय?

चालणार नाही! लस २ ते ८ अंश सेल्सिअस या तापमानातच ठेवावी लागते. याचे कारण लसीच्या घडणीत आहे. कुत्र्या-मांजरांच्या रेबीजच्या लसीत मारलेले विषाणू असतात. त्यांच्या प्रथिनांचा आकार ओळखून प्राण्याचे शरीर प्रतिपिंडे तयार करते. उष्णतेने प्रथिनांचा हा आकार बिघडतो. दुसऱ्या बाजूने, यांपैकी बहुतेक लसींत परिणाम वाढविण्यासाठी ॲल्युमिनियमच्या क्षाराचे बारीक कण मिसळलेले असतात. लस गोठली की हे कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि लसीची शक्ती घटते. म्हणजे लसीला उन्हाचे भय आहे, तसेच बर्फाचेही आहे.

पण शून्य अंशाच्या बर्फाने लस गोठेल कशी? येथे थोडे गणित करू. बर्फ करण्याच्या कप्प्यातून काढलेला बर्फ शून्य अंशावर नसतो, तो उणे १८ अंशांच्या आसपास असतो. लस नेताना पाणी भरून गोठवलेल्या प्लॅस्टिकच्या चपट्या डब्या वापरतात. अशा एका डबीत ४०० ग्रॅम बर्फ आहे असे समजा. बर्फाची विशिष्ट उष्णता दर ग्रॅमला, दर अंशाला सुमारे २.१ ज्यूल. तेव्हा शून्य अंशापर्यंत येताना ही डबी ४०० × २.१ × १८, म्हणजे सुमारे १५,००० ज्यूल उष्णता शोषून घेणार. ५ अंशांवरील १ ग्रॅम पाणी शून्यावर आणून गोठविण्यास सुमारे ३५५ ज्यूल काढून घ्यावे लागतात. लस म्हणजे बहुतांशी पाणीच. काच आणि हवा यांचा हिशेब सोडला, तर ही एकच डबी १ मिलिलिटरच्या ४० बाटल्या गोठवू शकेल!

म्हणून जाणकार कर्मचारी डब्या बाहेर काढून आधी त्यांना घाम येऊ देतो. डबी कानाशी धरून हलवतो. आत पाणी खळखळले की बर्फ वितळू लागला, म्हणजे तो शून्य अंशावर आला. मगच डब्या पेटीत जातात. बर्फ आणि पाणी एकत्र आहेत तोवर तापमान शून्याखाली जात नाही, आणि डबी व बाटल्या यांच्यामध्ये थोडे अंतर ठेवले की लस सुरक्षित राहते.

वितळू दिलेला बर्फ प्रवासभर पुरेल का? चांगल्या पेटीत बाहेरून दर सेकंदाला ५ ज्यूल उष्णता शिरते असे धरू. दोन तासांत ती ३६,००० ज्यूल होईल. १ ग्रॅम बर्फ वितळताना ३३४ ज्यूल शोषतो. म्हणजे वितळला केवळ १०८ ग्रॅम बर्फ! पेटी सावलीत ठेवावी आणि झाकण विनाकारण उघडू नये, एवढे पथ्य पाळले की पुरे.

खरी परीक्षा वीज गेल्यावर होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्यातील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. अशा वेळी फ्रीजच्या तळाशी ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या उपयोगी पडतात. पाण्याची विशिष्ट उष्णता मोठी असल्याने आतले तापमान सावकाश वाढते. मात्र वीज दीर्घकाळ गेली, तर बर्फाची पेटीच हवी.

एवढी काळजी कशासाठी? रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे या रोगाने दगावतात. त्यांतील सुमारे एक तृतीयांश भारतातील आहेत आणि बळींमध्ये पंधरा वर्षांखालील मुले फार मोठ्या संख्येने आहेत. माणसाला हा रोग बहुतेक वेळा कुत्र्याच्या चाव्यातून होतो. लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला चाव्यानंतर लस टोचून वाचविले. पण कुत्र्यालाच आधी लस दिली, तर मुलावर ती पाळीच येत नाही.

सगळ्याच कुत्र्यांना लस देता येणे अवघड. मग किती पुरतील? एक पिसाळलेला कुत्रा सरासरी दोनांहून कमी कुत्र्यांना रोग देतो. निम्मे कुत्रे सुरक्षित असले तर ही संख्या एकाखाली येते आणि साखळी तुटते. परंतु वर्षभरात काही कुत्री मरतात, नवी पिल्ले जन्मतात, त्यामुळे सुरक्षितांचे प्रमाण घसरत जाते. म्हणून दरवर्षी ७० टक्के कुत्र्यांना लस देण्याचे उद्दिष्ट ठेवतात. शेजारच्या गोव्यात २०१३ पासून पाळीव आणि भटक्या कुत्र्यांना अशी मोहीम काढून लस देण्यात आली. २०१८ साली तेथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही. २०२१ मध्ये गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

तुमच्या घरी पिल्लू असेल, तर ते तीन महिन्यांचे होताच त्याला गुरांच्या दवाखान्यात न्या. मांजरालाही न्या, कारण मांजराच्या चाव्यातूनही रेबीज होतो. पुढची लस केव्हा, ते पशुवैद्यांकडून कार्डावर लिहून घ्या. डिस्टेंपर, पार्व्हो यांच्या लसी पिल्लांना त्याआधीच, सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात. कोकणातल्या पावसात लेप्टोस्पायरोसिसचीही भीती असते, तेव्हा त्या लसीविषयीही विचारा. जंतांचे औषध आणि गोचिडांचा बंदोबस्त विसरू नका.

आणि कुत्रा किंवा मांजर चावलेच, तर चुना, हळद, मिरची लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा. रेबीजच्या विषाणूवर मेदाचे वेष्टन असते, ते साबणाने मोडते. त्यानंतर त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन लस घ्या.

एक प्रयोग करून पाहा. थर्माकोलच्या दोन खोक्यांत प्रत्येकी दोन बर्फाच्या डब्या ठेवा. एकीत कप्प्यातून काढलेल्या तशाच, दुसरीत घाम येऊन पाणी खळखळणाऱ्या. प्रत्येक खोक्यात दोन डब्यांच्या मध्ये थंड पाण्याची छोटी परीक्षानळी टेकवून झाकण लावा. तासाभराने पाहा. कोणत्या नळीत बर्फ दिसतो? तीत लस असती तर तिचे काय झाले असते, याचा विचार वर्गात जरूर करा.