पाणी कोणत्या वाटेने येते?

दिवाळीच्या सुमारास जमीन वाळलेली असते, पण भिंतींवरच्या ओलीच्या खुणा अजून पुसलेल्या नसतात. रंगारी येण्याआधी त्या नीट पाहाव्यात, फोटो काढून ठेवावेत. पाण्यापासून घर वाचवण्याची कामे आपल्याला मे महिन्याच्या अखेरीस, गवंडी मिळेनासा झाला की आठवतात. खरा हंगाम आत्ताचा आहे.

घरात पाणी शिरते ते तीन वाटांनी: छपरावरून, जमिनीवरून आणि ड्रेनेजच्या पाइपातून उलटे. प्रत्येक वाटेचा उपाय वेगळा आहे. दारात वाळूची पोती रचून बसावे आणि पाणी मोरीतून वर यावे, असे दर पावसाळ्यात कुठे ना कुठे घडते.

छपराचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर साडेचार हजार लिटरांहून जास्त पाणी खाली येते. मुंबईतली जुनी पर्जन्यजल व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. गच्चीवरचे पाणी उतरवणारा पाइप पायाशीच संपत असेल, तर ते सगळे पाणी आपण स्वतःच्या हाताने पायात मुरवत असतो. कोकणातल्या जुन्या घरांना उंच जोते आणि पुढे आलेली वळचण असे, पागोळ्या भिंतीपासून लांब पडत. आजच्या बंगल्यात निदान भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत जमीन सहा इंच उतरती ठेवावी. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवताना हा उतार हमखास बिघडतो, कधी कधी तर घराकडेच वळतो. बादलीभर पाणी ओतून पाहिले की लगेच कळते.

रस्त्याचेही पाहायला हवे. आधीचा थर न खरवडता डांबरीकरण केले की रस्ता दर वेळी थोडा वर चढतो. बांधताना उंच वाटलेले जोते काही वर्षांनी त्याच्या पातळीला येते. कुंपणाची भिंत पाणी अडवते, तशीच आत कोंडूनही ठेवते. तिच्या बुडाशी पाणी निघायला भोके हवीत. पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा अरण्येश्वर परिसरात भिंत कोसळून माणसे दगावली. ओढ्याकाठच्या भिंतीला धरण समजणे फार धोक्याचे आहे.

तिसऱ्या वाटेकडे सर्वांत कमी लक्ष जाते. रस्त्यावरची मुख्य लाइन तुंबली की पाणी सर्वांत खालचे तोंड शोधते. तुमच्या तळमजल्याची फरशी रस्त्यावरच्या चेंबरच्या झाकणापेक्षा खाली असेल, तर ते तोंड म्हणजे तुमची मोरी किंवा संडासाचे भांडे. यावर उपाय पाणी उलटे येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा. तो चेंबरमध्ये, झाकण उघडून हात पोहोचेल अशा जागी बसवावा, कारण चिंधी किंवा केसांचा गुंता अडकला की त्याची झडप उघडीच राहते. पावसाळ्याआधी तो उघडून धुवायलाच हवा. झडप मिटलेली असताना घरातले सांडपाणीही बाहेर जात नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवे. त्या वेळी वॉशिंग मशीन लावायचे नाही. वर मजले असतील, तर व्हॉल्व्ह फक्त तळमजल्याच्या लाइनवर बसवावा आणि वरचे पाणी त्याच्या पुढे जोडावे. नाहीतर वरच्यांचे पाणी खालच्यांच्या घरात भरते. गच्चीचा पाइप सांडपाण्याच्या चेंबरमध्ये सोडलेला असेल, तर तो आधी तोडावा. मैलापाण्याच्या लाइनी पावसात तुंबण्याचे ते एक मोठे कारण आहे.

नदीच्या पुराची गोष्ट मात्र निराळी. सांगलीकर कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाच्या फुटांत मोजतात: ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले. अशा ठिकाणी प्रत्येक घरात एक आकडा लिहिलेला असावा, पुलाशी किती फूट झाले की आपल्या फाटकात पाणी येते तो. ओढ्याचा पूर तासाभरात येतो, नदीचा बहुधा हाक देऊन येतो. ती हाक ऐकायची ती या आकड्यामुळे. एवढे पाणी बाहेर अडवण्याचा हट्ट धरू नये. बाहेर तीन फूट पाणी आणि आत कोरडे, अशा वेळी एकतर्फी दाबाने साधी विटांची भिंत ढासळू शकते. त्यापेक्षा मीटर, इन्व्हर्टर, प्लग पॉइंट जुन्या पूरखुणेच्या वर न्यावेत आणि तळमजल्याचे सर्किट वेगळे करावे. घर घेणार असाल, तर नकाशावर निळी आणि लाल पूररेषा पाहिल्याशिवाय विसार देऊ नका. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या.

पूर ओसरल्यावर दोन गोष्टींत घाई करू नये. सेप्टिक टँक लगेच उपसू नये. भोवतालची माती पाण्याने भरलेली असताना रिकामी टाकी वर उचलली जाऊ शकते. आणि जमिनीखालची पाण्याची टाकी धुऊन, क्लोरीनने निर्जंतुक केल्याखेरीज वापरू नये. चिखल काढताना बूट हवेतच: २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने माणसे गेली.

विम्याबद्दल थोडे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक झाले आणि तीत पूर समाविष्ट आहे. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरातल्या सामानालाही संरक्षण मिळते. दागिन्यांसाठी वेगळे घ्यावे लागते. दावा करायचा तर चिखल काढण्याआधी, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढावेत आणि भिजलेले सामान सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत फेकू नये.